दुधाच्या दातांची कीड : एकट्या आईला जाब विचारण्याचा इतिहास

दोन-तीन वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात तपकिरी पडून झिजायला लागले, की कोल्हापुरात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “दुधाचंच दात हाईत, पडणारच की.” आणि दवाखान्यात आईला विचारलं जातं, “रात्री बाटली देता का?” पहिल्या वाक्यामुळे उपचार लांबतो, दुसऱ्यामुळे सगळा जाब एकट्या आईला द्यावा लागतो. वैद्यकशास्त्र या दुसऱ्या प्रश्नापर्यंत आलं कसं आणि पुढे तो प्रश्न त्याला अपुरा का वाटू लागला, हे जाणून घेण्यासारखं आहे.

पहिल्या वाक्याचं उत्तर सोपं आहे. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. एवढी वर्षं ठणका, अपुरी झोप आणि एका बाजूने चावणं मुलाने सोसायचं, आणि कीड मुळापर्यंत गेली तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

दातात किडा असतो, ही समजूत जगभर होती. सुश्रुतसंहितेतल्या दंतरोगांत ‘कृमिदंत’ आहे. १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी आपल्याला असा किडा कुठे दिसला नाही, असं लिहून ठेवलं. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये खरी यंत्रणा मांडली : तोंडातले जंतू साखर-पिठूळ पदार्थांपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू वेगळा काढला.

पण मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती एका अत्यंत अन्यायकारक प्रयोगातून आली. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना १९४०च्या दशकात मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात किडू दिले गेले. संमती देण्याच्या स्थितीत ती माणसं नव्हती. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नव्हती. दोन जेवणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा खाल्लेल्या, दाताला चिकटून राहणाऱ्या गोडाने ती झपाट्याने वाढली होती. कारण उघड आहे. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास लागतो. दर तासाला काहीतरी गोड तोंडात जात असेल तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. या ज्ञानातून स्वीडनने मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट देण्याची प्रथा रुजवली.

कोल्हापुरात हा निष्कर्ष नेमका कुठे लागू पडतो? इथल्या समृद्धीचा पायाच उसात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला घर मिळालं. पुढे राधानगरीचं पाणी आलं, १९३०च्या दशकात कसबा बावड्यात साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांनी तालुकेच्या तालुके बदलले. या गोडाबद्दल माणसांना माया आहे, आणि ती रास्तच आहे. पण गूळ-काकवी ‘नैसर्गिक’ म्हणून दाताला निर्धोक, हे खरं नाही. गुळातही मोठा वाटा सुक्रोजचाच, म्हणजे साखरेचाच, असतो आणि जंतू दोन्हींचं आम्लच करतात. तरी मला गुळापेक्षा जास्त काळजी वाटते ती दिवसभर चालणाऱ्या सटरफटर खाण्याची. सकाळी चहात बुडवलेलं बटर, मध्येच पाच रुपयांचा क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, संध्याकाळी घरी येणाऱ्या प्रत्येकाने आणलेला खाऊ. सणाची पुरणपोळी दात किडवत नाही. दाताला नडतं ते हे रोजचं, कुणी मोजतही नाही असं गोड.

बाटलीचा प्रश्न १९६२ चा आहे. एलियास फास या अमेरिकन दंतवैद्याने बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांच्या दातांचं वर्णन केलं. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध किंवा गोड पाणी वरच्या दातांभोवती साचून राहतं. निरीक्षण योग्यच होतं आणि आजही उपयोगी आहे. १९९३ मध्ये पेज कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की म्युटन्स जंतू बहुतेक मुलांच्या तोंडात साधारण १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान, आणि बहुधा आईच्या लाळेतून, ठाण मांडतात. म्हणजे बाटलीही आईची आणि जंतूही आईचा. ‘आईने काळजी घेतली नाही’ एवढाच या सगळ्याचा सारांश होऊन बसला.

पण कधीही बाटली न पाहिलेल्या मुलांचेही दात किडत होते, आणि बाटलीवर झोपणाऱ्या कित्येकांचे किडत नव्हते. म्हणून १९९०च्या दशकात तज्ज्ञांनी बाटली बाजूला ठेवून लहान मुलांच्या दातकिडीची व्याख्या केली : सहा वर्षांखालच्या मुलाच्या दुधाच्या एका जरी दाताला कीड, कीड म्हणून काढलेला दात किंवा भरलेला दात असेल तर तो हा आजार. २००७ मध्ये सुझन फिशर-ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी मूल, कुटुंब आणि वस्ती या तीन पातळ्यांवरची कारणं एकत्र मांडली. घरातलं उत्पन्न, आईचं शिक्षण आणि तिच्यावरचा ताण, मुलाला सांभाळणारं माणूस, दवाखान्याचं अंतर हे सगळं त्यात आलं.

कॅनडातल्या सरे शहरात फिलिप वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पंजाबी कुटुंबांसोबत केलेलं काम मला या साऱ्यात सर्वांत आश्वासक वाटतं. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथे आयांना नुसतं पत्रक हाती देण्याऐवजी त्यांच्याच समाजातल्या बायका त्यांच्याशी बोलल्या. घरात काय जमेल, काय जमणार नाही, हे आयांनीच ठरवलं. वर्षभराने या मुलांमध्ये कीड लक्षणीयरीत्या कमी होती.

आता हीच दृष्टी इथे लावून बघा. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला बाप किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून परतलेली आई मुलाचे दात रात्री स्वतःच्या हाताने घासेल का? घासायला तर मोठ्यांनीच हवेत, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते नीट जमत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, पण तेवढी पाच मिनिटं घरात कुणाकडे तरी उरायला हवीत. दिवसभर नातवाला सांभाळणाऱ्या आजीच्या दृष्टीने रडं थांबवणारा बिस्किटाचा पुडा ही मायाच असते. तिला सामील करून न घेता नुसत्या आईला सूचना देऊन काय साधणार?

आणि सर्वांत बिकट वाट ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांची आहे. हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. आई-बाप मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडीची एक जोडी, उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर. पहाटे अंधारात दोघं फडात, लहानगं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थोरल्या बहिणीच्या हवाली किंवा फडाच्या कडेला. इथे ‘रात्री बाटली देता का’ विचारून काहीच हाती लागत नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचे विकारही आहेत. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, असं त्यात ठरलेलं आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची पेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. हे दुसरं औषध ड्रिल न लावता, भूल न देता किडलेल्या जागी लावता येतं आणि बहुतेक वेळा कीड तिथेच थोपवतं. किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावं लागतं. दंतवैद्याच्या देखरेखीखाली ते अंगणवाडीतही लावता येईल. पण गावाकडच्या अंगणवाडीत नाव असलेलं ऊसतोड मजुराचं मूल ऐन हंगामात शिरोळच्या कोपीत असतं. त्याची तपासणी कोणत्या तालुक्याच्या पथकाने करायची, हे हंगामाआधीच ठरायला हवं.