घंटा, मांजर आणि डवऱ्याचं तास

तालुक्याच्या बसस्टँडसमोर पावसाळ्याच्या तोंडावर एक फ्लेक्स लागला. मेंदूचं चित्र, त्यातून निघणाऱ्या निळ्या लाटा आणि खाली ठळक अक्षरांत 'औषधाविना एकाग्रता'. आठवडाभरात गल्लीतल्या काकू मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेऊन ओट्यावर आल्या. "भाऊ, हे डोक्शाले वायरा लावून पोट्ट्याचं ध्यान अभ्यासात लागते म्हंते. खरं हाय काय? तीस बैठका सांगतल्या त्यायनं." तीस बैठकांचे पैसे म्हणजे त्यांच्या दोन एकरांतल्या सोयाबीनचा मोठा वाटा. 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण न्यूरोफीडबॅक नावाच्या या प्रकाराचा इतिहास पाहिला की दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

आधी करतात काय ते सांगतो, कारण काकूंना वाटलं होतं शॉक देतात. तसं काही नाही. डोक्याच्या कातडीला पेस्ट लावून बारीक चकत्या चिकटवतात. मेंदूतल्या पेशींची वीज तिथवर येते ती जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, टॉर्चच्या सेलपेक्षा हजारो पटींनी क्षीण. यंत्र ती फक्त वाचतं, आत काही सोडत नाही. संगणक त्या लहरी वेगाप्रमाणे वेगळ्या करतो: सेकंदाला चारपेक्षा कमी असल्या तर डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, त्याच्या वर बीटा. मग हवी ती लहर वाढली की पडद्यावरचं कार्टून उजळ होतं किंवा विमान पुढे सरकतं, कमी झाली की सगळं मंदावतं. पोरगं नेमकं काय करतंय हे त्यालाही सांगता येत नाही, पण बैठकांमागून बैठका झाल्या की विमान जास्त वेळ उडायला लागतं.

डवरा, म्हणजे पिकातलं तण काढायचं औत, हाकणाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, डवऱ्याचं पातं, म्हणजे पास, जाताना तो रुमण्याच्या मुठीवर हात ठेवून खाली बघत चालतो. पास बोटभर सरकली की झाड कापलं जातं, ते डोळ्याला तिथल्या तिथे दिसतं आणि मनगट आपोआप वळतं. डोळे बांधून डवरा धरला तर जन्मात कोणी शिकणार नाही. मेंदूची पंचाईत हीच आहे, त्याला स्वतःचं तास दिसत नाही. आपली अल्फा लहर आता वाढली की कमी झाली, हे आतून कळायला शरीरात काही सोयच नाही. ती सोय बाहेरून करून देणं, एवढंच या यंत्राचं काम.

मेंदूत वीज आहे हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्ये ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर दाखवलं होतं. माणसाची लहर मात्र १९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गरने टिपली. या मनोविकारतज्ज्ञाला खरं तर शोधायची होती टेलिपथी. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला काहीतरी वाईट घडल्याची हुरहुर लागून वडिलांनी तार केली. ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. टेलिपथी हाती लागली नाही, लागला तो ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. निष्कर्ष छापायला त्याने १९२९ उजाडू दिलं आणि छापल्यावरही फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठे जगाने मान हलवली.

पण लहर दिसणं वेगळं आणि ती वळवता येणं वेगळं. ते पाऊल पडलं १९५८ च्या सुमारास शिकागोला. जो कामिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका माणसाला अंधाऱ्या खोलीत निजवलं. मधूनमधून घंटी वाजायची आणि त्याने सांगायचं, आत्ता अल्फा आहे की नाही. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर की चूक तेवढं त्याला कळवायचे. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काटाच. दुसऱ्या दिवशी ६५ टक्के, तिसऱ्या दिवशी ८५, आणि चौथ्या दिवशी तो चुकेचना. पुढे असंही दिसलं की सांगितल्यावर माणसं अल्फा आणूही शकतात आणि घालवूही शकतात.

याच सुमाराला आपल्याकडेही डोक्याला चकत्या लागत होत्या. दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या ईईजीवर १९६१ मध्ये लेख लिहिला. त्यातल्या दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाच्या वर हात बुडवून ठेवला आणि अल्फा हलली नाही. आमच्या गावात पहाटे गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला बसणाऱ्या म्हाताऱ्यांना याचं काडीचं नवल वाटत नाही. फरक एवढाच की योग्याला तिथवर पोहोचायला आयुष्य लागतं आणि वाटेत बरोबर-चूक सांगणारी घंटी नसते.

उपचार म्हणून ही गोष्ट उभी राहिली ती मात्र मांजरांमुळे. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन झोपेचा अभ्यास करत होता. मांजरांनी खटका दाबला की खाणं मिळायचं. मग त्याने अट घातली, एक आवाज सुरू होईल आणि तो बंद होईपर्यंत खटका न दाबता थांबायचं. बिळापाशी दबा धरून बसलेलं मांजर डोळ्यांपुढे आणा: अंग दगडासारखं, कान टवकारलेले. त्या क्षणी मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या पट्ट्यावर सेकंदाला बारा ते पंधराची एक लहर उमटायची. स्टरमनने खटका काढून टाकला आणि ती लहर आली की दूध आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सुरुवात केली. मांजरं शिकली.

इथपर्यंत कुतूहलच होतं. पुढे त्याच्याकडे भलतंच काम आलं. मोनोमिथाइलहायड्रॅझिन या रॉकेटच्या इंधनाची बाधा झाली की झटके येतात, तर किती मात्रेला ते येतात हे बघायचं होतं. पन्नास मांजरांना ते टोचलं. ठरल्या वेळी बहुतेकांना झटके आले. काहींना मात्र फार उशिरा आले, काहींना आलेच नाहीत. हिशेब लागेना. नंतर ध्यानात आलं, झटके उशिरा आलेली किंवा न आलेली मांजरं तीच, जी आधी रश्श्यासाठी लहर काढायला शिकली होती. मांजराला कोणी आश्वासन दिलं नव्हतं की तू बरं होशील, त्यामुळे मनाचा खेळ म्हणून हे उडवून लावता येत नाही. मला या सगळ्या इतिहासातला सर्वात वजनदार पुरावा हाच वाटतो. १९७२ मध्ये स्टरमनने मिरगीच्या एका २३ वर्षांच्या बाईवर हीच रीत वापरल्याचं छापलं. तिचे झटके इतके कमी झाले की तिला गाडी चालवायचं लायसन्स मिळालं.

मग शाखा फुटल्या. १९७६ मध्ये टेनेसीच्या जोएल लुबारने हीच पद्धत अतिचंचल मुलावर वापरली. १९८९ मध्ये पेनिस्टन आणि कुल्कॉस्की यांनी दारू न सुटणाऱ्या माजी सैनिकांवर थीटा-अल्फाचा प्रयोग केला. पुढे चिंता, निद्रानाश, डोकेदुखी असं करत यादी एवढी लांबली की शंका यायलाच हवी होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतही डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर यावर काम झालं आहे.

शंका आली ती नेमकी काकूंच्या प्रश्नावर. २०२१ मध्ये अमेरिकेत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असलेल्या ७ ते १० वर्षांच्या मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काही मुलांना पडद्यावर स्वतःच्या मेंदूची खबर दिसत होती, बाकीच्यांना आधीच टिपून ठेवलेल्या भलत्याच मेंदूची. कोणाला काय मिळतंय हे ना पोराला माहीत, ना आईबापाला, ना शिकवणाऱ्याला. ३८ बैठका झाल्या. सुधारणा दोन्हीकडे दिसली, आणि जवळपास सारखीच. म्हणजे ठरलेल्या वेळी शांत बसणं, कोणीतरी तासभर फक्त आपल्याकडे लक्ष देणं, 'शाब्बास' मिळणं, यानेच काम केलेलं असू शकतं. यावर तज्ज्ञांत अजून भांडण आहे. मांजरांवरून मिळालेली अब्रू बसस्टँडवरच्या फ्लेक्सने आपल्या नावावर उचलून घ्यावी, हे मात्र मला पटत नाही. त्यातही धोका मिरगीवाल्यांना जास्त. 'औषधाविना' वाचून गोळी बंद करायची आणि झटका विहिरीच्या काठावर यायचा.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, वाटीभर चहा संपेपर्यंत. कामिया, बर्गर त्यांनी सोडून दिले. "त्या मांजरायले कोंबडीचा रस्सा देत होते?" एवढं दोनदा विचारून घेतलं. उठताना फोटो मोबाइलमधून पुसला नाही, पण म्हणाल्या, "अगुदर नागपूरले मेडिकलले दाखवतो पोट्ट्याले. मंग पाहू वायराचं."