‘ब्रेक ऑइल’मध्ये ऑइल नसतं

नवा रंग, नव्या सीटा, चकचकीत बंपर. शेडमध्ये वीस वर्षं उभी असलेली फियाट बेळगावच्या शहापुरातून निघते, पिरनवाडी सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागते आणि जड व्हायला लागते. उतरून बघावं तर चारही चाकांचे ब्रेक ड्रम तव्यासारखे तापलेले. पेडलवरून पाय कधीच काढलाय, ब्रेक मात्र लागलेलेच. ‘ब्रेक जाम’ म्हणतात तो हाच प्रकार. जाणत्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला: “ऑइल कुठलं घातलंय की?”

या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. पूर्वी ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जायचे. एक चाक आधी धरायचं, दुसरं मागाहून. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने 1917 मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांमुळे हे नाव ओळखीचं आहे, ते त्याच्याच भावाचं. 1921 मध्ये ड्युसेनबर्ग या अमेरिकन मोटार कंपनीने चारही चाकांना असे ब्रेक दिले. फोर्डचा मात्र त्यांच्यावर विश्वास बसायला 1939 चं मॉडेल उजाडलं.

पण पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या नळीत भरायचं काय? आतल्या वाट्या रबराच्या, आणि खनिज तेलात रबर फुगतं. म्हणून सुरुवातीला भरलं चक्क एरंडेल, अल्कोहोल घालून पातळ केलेलं. पुढे ग्लायकॉलचे द्रव आले. तेल गेलं, पण ‘ऑइल’ हे नाव चिकटून राहिलं.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली, ती चारही ड्रम ब्रेकची. 1974 मध्ये तिची ‘पद्मिनी’ झाली. आदल्याच वर्षी आपल्या म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं होतं. नावं कागदावर बदलतात. बेळगावात ती फियाटच राहिली.

आता त्या जाम ब्रेककडे. पेडल दाबलं की ज्यात दाब तयार होतो त्या मास्टर सिलिंडरमध्ये, ऑइलच्या टाकीकडे उघडणारं एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की उरलेला दाब त्यातून सुटतो. कुणी चुकून इंजिन ऑइल ओतलं असेल तर रबराची वाटी फुगून ते भोक झाकते, आणि दाब आतच कोंडतो. खात्री करायला आधी चाकाचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करा. चाक सुटलं तर दाब अडकलाय. तो कुठे, हे बघायला पुन्हा ब्रेक दाबून जाम करा आणि या वेळी मास्टर सिलिंडरवरचा पाइप सैल करा. तिथेच सुटलं तर दोष सिलिंडरचा. तिथे न सुटता फक्त निपलवर सुटलं तर होज पाइप, म्हणजे चाकाकडे जाणारी रबरी नळी, आतून फुगलाय, बाहेरून कितीही नवा दिसो. निपल उघडूनही चाक हललं नाही, तर चाकातला व्हील सिलिंडर गंजलाय किंवा ड्रमला आतून घासणारा शू अडकलाय.

आपल्याकडच्या पावसात आणखी एक कटकट. ग्लायकॉल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 3 या दर्जाचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द 140 वर येऊ शकते. चोर्ल्याच्या घाटात सतत ब्रेक दाबत गोव्यातल्या साखळीकडे उतरलात तर त्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जाऊन बसतं. गीअरवर उतरायचं ते यासाठी.

नवी रबर किट आणण्याआधी काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि टाकीतलं ऑइल चमचाभर टाका. पाण्यात मिसळलं तर ग्लायकॉल. वर तवंग आला तर बहुतेक खनिज तेलच. मग फक्त मास्टर सिलिंडरची वाटी बदलून भागत नाही, चारही चाकांची रबरं आणि होज काढावे लागतात.