उपवासाचं सोंग, अपस्मारावर औषध

अपस्माराच्या रुग्णाला उपाशी ठेवलं की फिट कमी होतात, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होतं. पण उपास किती दिवस करायला लावणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी यावर तोड सुचवली. उपाशी शरीर चरबी जाळतं आणि यकृत त्यातून कीटोन नावाचं पर्यायी इंधन तयार करतं. मग जेवूनही कीटोन बनत राहतील असाच आहार दिला तर? पोट भरलेलं, पण शरीराच्या लेखी उपास चालूच.

हाच कीटोजेनिक आहार. त्याच्या मूळ, कडक प्रकारात वजनाने चार भाग स्निग्ध पदार्थ, आणि प्रथिनं व कर्बोदकं मिळून जेमतेम एक भाग. सुमारे ९० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून येते. प्रत्येक घास काट्यावर तोलायचा. खोकल्याच्या गोड औषधातली साखरसुद्धा हिशेबात धरायची. वजन घटवण्यासाठी लोक जे 'कीटो' करतात, त्याचं याच्याशी फार तर नावापुरतं नातं आहे.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे अपस्मारावरचं औषध आलं आणि हा खटाटोप मागे पडला. गोळी गिळणं केव्हाही सोपं! पण साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत. लंडनमध्ये अशाच १४५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर आहार दिलेल्या गटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून जास्त घटल्या होत्या. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं.

हे घडतं कसं? एका आजारात उत्तर अगदी स्वच्छ आहे. रक्तातलं ग्लुकोज मेंदूत नेणारं 'ग्लुट-१' हे प्रथिन काही मुलांमध्ये जन्मतःच अपुरं असतं. रक्तात साखर भरपूर, मेंदू मात्र भुकेला. कीटोन वेगळ्या वाटेने आत शिरतात आणि इंधनाची उणीव भरून काढतात. म्हणून या मुलांसाठी आहार हाच पहिला उपचार.

बाकीच्यांच्या बाबतीत मामला गुंतागुंतीचा आहे. निव्वळ कीटोनना श्रेय द्यावं, तर रक्तातली त्यांची पातळी आणि फिट थांबणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. आहाराच्या एका प्रकारात मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धाम्लं वापरतात. त्यातलं डेकॅनॉइक आम्ल चेतापेशींना उत्तेजित करणारे 'ॲम्पा' ग्राहक (पेशीवरची संदेश टिपणारी प्रथिनं) थेट रोखतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. त्याहून मला चकित करतो तो २०१८ चा उंदरांवरचा प्रयोग: आतड्यातले जिवाणू नसलेल्या उंदरांना या आहाराचं संरक्षण मिळालंच नाही. ठरावीक जिवाणू परत सोडल्यावर ते मिळू लागलं.

औषध म्हटलं की दुष्परिणाम आलेच. बद्धकोष्ठता, मुतखडा, रक्तात वाढलेली चरबी, मुलांची खुंटणारी वाढ. काहींच्या शरीराला जन्मजात दोषामुळे चरबी जाळताच येत नाही; त्यांच्यासाठी हा आहार जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे आधी तपासण्या, मग डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरुवात. घरच्या घरी प्रयोग नको.

साधारण तीन महिन्यांत फरक न दिसल्यास आहार थांबवण्याचा विचार करतात. गुण आला तर सहसा दोनेक वर्षं चालवून हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणतात. ज्या मुलांच्या फिट पूर्ण थांबलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्यानंतरही त्या परत येत नाहीत. नुसतं इंधन बदलल्याने एवढा टिकाऊ फरक पडेल, हे पटत नाही. म्हणूनच संशोधक आता या दोन वर्षांत मेंदूतच काही कायमचे बदल होतात का, हे शोधत आहेत.