काट्याला न दिसणारी चरबी

वैद्यकीय नियतकालिकांत फोटो छापून येतात ते सहसा गाठींचे किंवा क्ष-किरणांचे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये मात्र शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून मोठा हा फरक वजनकाटा आणि उंचीची पट्टी या दोघांनी मिळून बिनबोभाट गिळून टाकला होता.

हा फोटो एरवी मधुमेहाच्या चर्चेत निघतो. मी तो काढलाय मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. 'लठ्ठपणामुळे कॅन्सरचा धोका' अशी बातमी आली की वाचणारा आधी स्वतःकडे बघतो, 'आपण कुठे लठ्ठ?' म्हणतो आणि पान उलटतो. आपल्या शहरात असं पान उलटणारे फार. हातपाय काटकुळे, चेहरा उतरलेला, आणि शर्टाची चौथी-पाचवी बटणं मात्र ताणलेली. अशा माणसाला लठ्ठ म्हणायची आपली रीत नाही. फार तर 'पोट सुटलंय जरा' म्हणतो, तेही लग्नानंतर असेल तर कौतुकाने.

मुळात बीएमआय हा डॉक्टरी शोधच नव्हे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या आदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाची. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणाचं पोट तपासायचं नव्हतं. हजारो लोकांच्या पाहणीत हा आकडा उत्तम चालतो. एकट्या माणसाच्या बाबतीत तो स्नायू आणि चरबी एकाच पारड्यात टाकतो, आणि चरबी कुठे साठलीय हे तर त्याला कळतच नाही.

आणि ती कुठे साठलीय यावर बरंच काही अवलंबून आहे. पोटावर चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. दिसायला वाईट, पण तशी गरीब. दुसरी पोटाच्या पोकळीत, आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी आणि त्यांच्या मधल्या जागा भरून काढणारी. तिच्यातल्या त्या पदराला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, वपा. ही आतली चरबी चिमटीत येत नाही. उलट हिच्यामुळे फुगलेलं पोट हाताला घट्ट लागतं आणि घरची मंडळी त्याला चांगली तब्येत समजतात.

ही चरबी म्हणजे साठवणीची कोठी, गरज पडेल तसं काढायचं, अशीच समजूत बराच काळ होती. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधलं आणि लक्षात आलं की चरबीच्या पेशी रक्तात निरोप सोडतात. नंतर असे अनेक निरोप सापडले. पेशी जितक्या फुगतात तितकं लेप्टिन वाढतं आणि अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं उपकारक द्रव्य घटतं. फार फुगलेल्या पेशींना रक्तपुरवठा पुरत नाही, काही मरतात, आणि त्यांची विल्हेवाट लावायला रोगप्रतिकारक पेशी भोवती कोंडाळं करतात. हे कोंडाळं मग उठतच नाही. त्यातून सूज वाढवणारी द्रव्यं दिवसरात्र पाझरत राहतात. ताप नाही, दुखणं नाही, नुसती धुमसती चूल.

पण माझ्या मते या गोष्टीतलं मुख्य पात्र इन्सुलिन आहे, आणि सर्वसामान्य लेखांत त्याला पुरेशी जागा मिळत नाही. आतड्यांकडचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. वपेतलं रक्तही त्याच वाटेने जातं आणि जाताना मेदाम्लं घेऊन जातं. यकृत अशा चरबीने भरू लागलं की ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं. जुन्या वाड्यात एखाद्या बिऱ्हाडातल्या आजोबांना कमी ऐकू यायला लागतं तसं. बाहेरचा माणूस मग कडी आणखी जोरात वाजवतो. स्वादुपिंडही तेच करतं, जास्त इन्सुलिन सोडतं. आजोबा शेवटी दार उघडतात, साखर जागेवर येते, रिपोर्टवर 'नॉर्मल' असा शिक्का बसतो. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. मात्र त्या कडीचा आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जात असतो, आणि बाकीच्या बिऱ्हाडांचे कान शाबूत असतात.

मोठं आतडं हे त्यातलंच एक बिऱ्हाड. साधारण दीड मीटर लांबीच्या या नळीच्या अस्तरात लाखो सूक्ष्म विहिरी असतात. प्रत्येकीच्या तळाशी मूलपेशी. त्या विभागतात, नव्या पेशी विहिरीच्या भिंतीने वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत झडून जातात. शरीरातल्या सर्वांत घाईच्या कारखान्यांपैकी हा एक. इतक्या नकला करायच्या म्हटल्यावर चुका होणारच, आणि बहुतेक चुका पेशीबरोबर वाहून जातात. धोका असतो तो ब्रेकचं काम करणारं एपीसी हे जनुक तळाच्या मूलपेशीतच बिघडलं तर. ती पेशी थांबेनाशी होते, तिथे छोटा उंचवटा तयार होतो, त्याला पॉलिप म्हणतात. पुढे एकेक जनुक बिघडत पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. सगळे पॉलिप त्या वाटेने जातही नाहीत.

इन्सुलिनची ओळख आपल्याला साखरेपुरती असते, पण पेशींच्या भाषेत त्याचा अर्थ 'खायला भरपूर आहे, वाढा' असाही होतो. त्याचंच भावंड असलेलं आयजीएफ-१ हे द्रव्य तर वाढीसाठीच आहे. रक्तात इन्सुलिन जास्त असलं की आयजीएफ-१लाही मोकळं रान मिळतं. निरोगी पेशीला हा निरोप मिळाला तर फारसं बिघडत नाही. ब्रेक निकामी झालेल्या पेशीला मिळाला तर ती विभागते, आणि एरवी मरायला हवी होती तेव्हा मरत नाही. याचा आडून मिळणारा पुरावा अ‍ॅक्रोमेगॅली या दुर्मीळ आजारात दिसतो. त्यात वाढीचं संप्रेरक आणि आयजीएफ-१ बेसुमार वाढतात, आणि अशा रुग्णांच्या आतड्यात पॉलिप जास्त सापडतात.

मूलपेशींवर चरबीयुक्त आहाराचा थेट परिणाम होतो का, हे २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी उंदरांवर तपासलं. भरपूर चरबी खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांच्या आतड्यात मूलपेशींची संख्या वाढली आणि गाठी होण्याचं प्रमाणही वाढलं. उंदीर तो उंदीर, हे लक्षात ठेवून वाचायचं. पित्ताम्लं आणि आतड्यातले जीवाणू यांचाही यात हात आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

इन्सुलिनवर माझा भर का, याचं कारण युरोपातल्या एका अभ्यासात आहे. दहा देशांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांची माहिती आणि त्यांतल्या बहुतेकांचं रक्त जमवून ठेवलेला 'एपिक' नावाचा प्रकल्प आहे. त्यात पुढे मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेले ७३७ लोक आणि न झालेले तितकेच लोक घेऊन २०१६ साली तुलना झाली. आजार कळण्याच्या आधी घेऊन ठेवलेल्या रक्तात इन्सुलिन किती तयार होत होतं, ते पाहिलं. वजन बेताचं पण इन्सुलिन चढं, अशा लोकांत धोका दीडपटीच्या आसपास निघाला. वजन जास्त पण इन्सुलिन आटोक्यात, अशांत तो वाढलेला दिसलाच नाही. एका अभ्यासावर घर बांधू नये हे खरं. तरी याज्ञिकांचा फोटो आठवत हे आकडे वाचले की पुणेकराने खुर्चीत जरा सावरून बसावं.

कारण बारीक दिसणारी पण आतून मेदाळ ही ठेवण आपल्याकडे जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली गर्भवतींचा मोठा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. स्नायू, पोटातले अवयव, डोक्याचा घेर, सगळ्यात आपली बाळं कमी भरली. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानाने बरीच राखली होती. अशा बाळाला पुढे आयुष्यभर दिवसाचे दहा तास खुर्ची, संध्याकाळी दीड तास हिंजवडीच्या रस्त्यावर क्लचवर पाय, आणि रात्री साडेदहाला जेवण मिळालं, तर चरबी कुठे जाऊन बसणार ते सांगायला नको.

आता आकड्यांची पायरी सांभाळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध पुरावे तपासून सांगितलं की जादा चरबी आणि तेरा प्रकारचे कॅन्सर यांच्या संबंधाचा पुरावा पुरेसा आहे. मोठं आतडं त्यात आहे. सर्वांत लठ्ठ गटात धोका सुमारे १.३ पट. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये हाच आकडा सातच्या घरात जातो, त्यापुढे १.३ किरकोळ वाटेल. भारतात मोठ्या आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे एकेका माणसापुरतं बोलायचं तर लहान आकड्याचे तीस टक्के लहानच. संबंध बायकांपेक्षा पुरुषांत जास्त ठळक दिसतो. पण अमेरिकेतल्या सुमारे ८५ हजार परिचारिकांच्या अभ्यासात, पन्नाशीच्या आत होणाऱ्या या कॅन्सरचा धोका लठ्ठ स्त्रियांत जवळपास दुप्पट निघाला. २०१९चा हा अभ्यास. म्हणजे 'म्हातारपणी बघू' हे म्हणायची सोय राहत नाही.

दारू, तंबाखू, प्रक्रिया केलेलं मांस, कमी तंतुमय आहार, घराण्यातला इतिहास, ही कारणं आपापल्या जागी आहेतच. अगदी सडपातळ, रोज टेकडी चढणाऱ्या माणसालाही हा आजार होतो, आणि तेव्हा त्याच्या जेवणाचे हिशेब काढणाऱ्या नातेवाइकांना दारातूनच परत पाठवावं.

एक गोष्ट मात्र पेठेत काय, उपनगरात काय, सगळीकडे सारखी घडते. शौचातून रक्त गेलं की निदान घरातच होतं: मूळव्याध. मग सुरणाची भाजी, ताक, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण. बहुतेक वेळा ती मूळव्याध असतेही, आणि म्हणूनच जिथे नसते तिथे सहा-आठ महिने हातचे जातात. शौचाची सवय अचानक बदलली, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढताही येतो, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच. अमेरिकेत तक्रार नसतानाही पंचेचाळिशीपासून चाचणी सुचवतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. तेव्हा घरात कुणाला हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आपणहून विचारावं.

आणि चालणं. स्नायू काम करत असताना ते इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतात, म्हणजे कडी वाजवायची वेळच कमी येते. म्हणून वजन फारसं न उतरताही व्यायामाचा उपयोग होतो. २०२५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांकडून तीन वर्षं पद्धतशीर व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी आजार न उलटता हयात असलेले त्या गटात ८०.३ टक्के होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ७३.९ टक्के. तळजाईवर सकाळी दिसणाऱ्या गर्दीबद्दल माझं मत यानंतर बरंच सुधारलं. टेकडी उतरल्यावर जिथे मिसळीसाठी रांग लागते त्या गर्दीबद्दलचं अजून ठरायचंय.

राहिलं मोजमाप. त्याला शिवणयंत्राच्या खणातली टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, श्वास सहज सोडून. भारतीयांसाठी पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. बीएमआयही आपल्याकडे २५ऐवजी २३लाच जादा धरतात. मागच्या रविवारी आमच्या घरात सगळ्यांची मापं झाली. काका वजन गेली वीस वर्षं ६४ किलोवर राखून आहेत, आणि ते प्रत्येक समारंभात सांगतात. टेप लावल्याबरोबर त्यांनी पोट आत घेतलं. "काका, श्वास सोडा." "सोडलाय." "बोला काहीतरी." बोलताना पोट आत धरता येत नाही. "आमच्या वेळी असली थेरं..." इथपर्यंत आले आणि टेप ९६वर थांबली.