आद्य ख्रिस्ती मंडळीचे सेवाकार्य

येशूच्या क्रूसावरील मृत्यूनंतर (सु. इ. स. ३०) त्याच्या अनुयायांनी आधी यरुशलेमेत आणि मग रोमन साम्राज्यातल्या नगरांत त्याचे काम पुढे चालवले, ते कार्य. सुवार्ता सांगणे, आजाऱ्यांना बरे करणे आणि समाजाने दूर लोटलेल्यांसोबत जेवायला बसणे, असे येशूच्या कामाचे स्वरूप होते. मंडळीने, म्हणजे या अनुयायांच्या समुदायाने, यातले काहीच सोडले नाही. मात्र एका फिरत्या गुरूभोवती चालणारे हे काम तिने निधी, नेमणुका आणि रोजच्या वाटपाच्या आधारावर उभे केले. मंडळी येशूच्या वाटेने किती चालली, याचा सर्वांत भक्कम पुरावा या व्यवहारातच मिळतो.

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात लेखक म्हणतो की, येशूने जे करायला व शिकवायला आरंभ केला ते आपण आधीच्या ग्रंथात, म्हणजे लूककृत शुभवर्तमानात, सांगितले आहे. काम सुरू झाले आहे, संपलेले नाही, हा त्यातला भाव. म्हणूनच यरुशलेमेतल्या मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी बसलेला पांगळा भिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या शब्दाने उठून चालू लागतो, तेव्हा हे आपल्या सामर्थ्याने नव्हे, येशूच्या नावाने घडले, असे पेत्र जमलेल्या लोकांना बजावतो.

यरुशलेमेतले विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत. जमिनी व घरे विकून आलेला पैसा प्रेषितांच्या (येशूने निवडलेल्या प्रमुख शिष्यांच्या) पायाशी ठेवला जाई आणि ज्याची जशी गरज तसा वाटला जाई. हे चित्र निर्दोष नव्हते, आणि ग्रंथकारही ते तसे रंगवत नाही. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली. त्यावर स्तेफन, फिलिप्प आदी सात जणांची निवड झाली. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, आणि त्यांतला निकलाव तर मूळचा यहूदीही नव्हता. ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती वाटपाचा कारभार सोपवला गेला. येशूचे शब्द पाठ असणे वेगळे आणि असा निर्णय घेणे वेगळे. मंडळीची खरी परीक्षा इथे झाली.

रोमन सम्राट क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा सिरियातील अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल (म्हणजेच प्रेषित पौल) यांच्या हाती यहूदीयातल्या बांधवांसाठी मदत धाडली. पुढे पौलाने मासेदोनिया, अखया व गलतिया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथकरांना लिहिले. याच करिंथात प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनाच्या) वेळी काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. यावर पौलाचे शब्द फार कठोर आहेत, आणि ते योग्यच होते. पंगतीत भेदभाव शिरला तर येशूच्या कामाचा गाभाच हरवतो.

या कामात स्त्रिया आरंभापासून होत्या. यापो येथील टबीथा विधवांसाठी कपडे शिवत असे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचा उल्लेख पौल आदराने करतो. सु. ११२ मध्ये बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ज्यांना सेविका म्हणतात अशा दोन दासींचा छळ करून जबाब घेतल्याचे नमूद केले आहे. समाजात दासी असलेल्या स्त्रिया मंडळीत पद सांभाळत होत्या. तरीही मंडळीने गुलामगिरीची प्रथा मोडली नाही, ही तिच्या कार्याची मोठी उणीव आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन या रोममधील शिक्षकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वाचन, उपदेश, प्रार्थना व प्रभुभोजन झाल्यावर गैरहजर असलेल्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोचवत. जमलेली देणगी अध्यक्षाकडे ठेवली जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांना मदत होई. सु. १९७ मध्ये कार्थेजच्या टर्टुलियनने दिलेल्या यादीत गरिबांचे दफन, म्हातारे झालेले दास, जहाज फुटून निराधार झालेले लोक आणि श्रद्धेपायी खाणींत वा तुरुंगात धाडलेले बांधव यांचीही भर आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो की, त्याच्या मंडळीत ४६ वडील (धर्मगुरू) व ७ डीकन (सेवक) असून १,५०० हून अधिक विधवा व गरजू लोकांचे पोषण होते. त्याच सुमारास कार्थेजमध्ये साथ पसरली, तेव्हा बिशप सिप्रियनने छळ करणाऱ्या शेजाऱ्यांचीही काळजी घ्यायला मंडळीला सांगितले.

उत्तर आफ्रिकेतील सिर्ता (आजचे अल्जीरियातील कॉन्स्टँटीन) येथे मे ३०३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती सभागृहाची जप्ती केली. पंचनाम्यात सोन्याचे २ व चांदीचे ६ प्याले आहेत. पण लांबलचक नोंद आहे ती कपड्यांची : बायकांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषी पादत्राणांचे १३ आणि बायकी पादत्राणांचे ४७ जोड. हा साठा गरिबांना वाटण्यासाठी असावा, असे मानले जाते. छळ करणाऱ्यांनीच लिहिलेला हा कागद मंडळीच्या कोठारात काय होते ते कुठल्याही स्तुतीपेक्षा स्पष्ट सांगतो.

ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेला सम्राट ज्युलियन (कारकीर्द ३६१–३६३) याने गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला पाठवलेल्या पत्रातही हीच साक्ष आहे. गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो याच नावाने संबोधतो) स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आमचे लोक मात्र आमच्या मदतीविना राहतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे तो लिहितो. प्रत्येक नगरात धर्मशाळा उभारण्याची आज्ञा देऊन त्याने गलतियासाठी दरवर्षी ३०,००० मोदी (धान्य मोजण्याचे रोमन माप) धान्य मंजूर केले. त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना आणि बाकीचे परदेशी व भिकारी यांना वाटायचे होते.