यकृत प्रत्यारोपण : परिणाम व गुंतागुंती

निकामी झालेले यकृत काढून त्या जागी दुसऱ्या व्यक्तीचे संपूर्ण यकृत किंवा त्याचा काही भाग बसविण्याच्या शस्त्रक्रियेस यकृत प्रत्यारोपण म्हणतात. सिरोसिस (यकृत व्रणमय व कठीण होणे), अचानक उद्भवणारी तीव्र यकृतनिष्फलता, यकृतातील मर्यादित कर्करोग आणि तान्ह्या मुलांमधील पित्तनलिकांचा जन्मजात अवरोध या विकारांत ती प्रामुख्याने करावी लागते. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे मानवावर ही शस्त्रक्रिया प्रथम केली, पण तो रुग्ण वाचला नाही. पहिले खरे यश १९६७ मध्ये आले. सायक्लोस्पोरिन आणि त्यानंतर टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आल्यावर चित्र पालटले. आज अनुभवी केंद्रांत सुमारे ९० टक्के रुग्ण पहिले वर्ष पार करतात आणि सुमारे ७५ टक्के रुग्ण पाच वर्षे जगतात. या दोन आकड्यांमधल्या अंतरात कोण आणि कशामुळे गळतात, हा या क्षेत्रातील संशोधनाचा गाभा आहे.

गोव्याचा या विषयाशी संबंध कायद्यापासूनच आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ हा आरंभी गोवा, महाराष्ट्र व हिमाचल प्रदेश ही तीन राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांनाच लागू झाला होता. मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता मिळाली ती याच अधिनियमाने. गोव्याचा समावेश असलेल्या पश्चिम विभागाचे अवयव-प्रत्यारोपणाचे प्रादेशिक केंद्र मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात असून राज्यस्तरीय काम बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजेच गोमेकॉतून चालते. काढलेले यकृत बर्फात साधारण ८ ते १२ तासच टिकते. बांबोळीहून विमानतळ आणि तेथून मुंबई हा प्रवास त्या मुदतीत बसतो. तरीही नातेवाइकांची संमती, तपासण्या आणि शस्त्रक्रियागृहाची जुळवाजुळव यांत गेलेला प्रत्येक तास यकृताच्या पेशींना भोगावा लागतो. भारतात मात्र बहुसंख्य यकृते जिवंत दात्यांकडून, बहुधा जवळच्या नात्यातून येतात. दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होते, पण दात्याच्या मृत्यूची शक्यता शून्य नसते. ती साधारणतः ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या दरम्यान मानतात. पूर्णपणे निरोगी माणसाच्या पोटावर केलेल्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत हा आकडा लहान म्हणून सोडून देता येत नाही.

पहिल्या काही दिवसांतील संकटे दुर्मिळ पण घातक असतात. नवे यकृत मुळीच काम सुरू करत नाही, किंवा यकृत रोहिणीत, म्हणजे यकृताला शुद्ध रक्त पुरविणाऱ्या धमनीत, रक्ताची गुठळी होते. अशा वेळी तातडीने दुसरे यकृत मिळाले नाही तर रुग्ण दगावू शकतो. दात्याकडून घेतलेला तुकडा रुग्णाच्या वजनाच्या सुमारे ०.८ टक्क्यांहून कमी भरला, तर प्रवेशिका नीलेतून (आतड्यांकडील रक्त यकृतात आणणाऱ्या शिरेतून) येणारा रक्ताचा लोंढा त्याला पेलत नाही. कावीळ वाढत जाते आणि पोटात पाणी साचते.

यानंतरचा सर्वांत चिवट प्रश्न पित्तनलिकांचा आहे आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. यकृतपेशींना प्रवेशिका नीला व यकृत रोहिणी अशा दोन्ही वाटांनी रक्त मिळते, पित्तनलिकांचा भार मात्र एकट्या रोहिणीवर असतो. त्यामुळे रोहिणीचा प्रवाह मंदावला, किंवा यकृत फार वेळ रक्ताविना राहिले, की आधी नलिकांचे अस्तर मरते आणि पुढे त्या आक्रसतात. जिवंत दात्याच्या उजव्या खंडात अनेकदा दोन-तीन मिलिमीटर रुंदीची दोन वा अधिक तोंडे वेगवेगळी जोडावी लागतात. पित्तगळती व नलिका अरुंद होणे या गुंतागुंती बहुतेक अभ्यासांत १० ते ३० टक्के रुग्णांत आढळतात. रुग्णाला प्रथम जाणवते ती रात्री तळहातांना व तळपायांना सुटणारी खाज. मग लघवी चहासारखी होते, शौचाचा रंग फिका पडतो. दुर्बिणीतून नलिकेत बसविलेला स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. सुधारलेल्या तंत्रामुळे येथे स्पष्ट फरक पडला आहे. दात्याची हृदयक्रिया थांबल्यानंतर मिळालेल्या यकृतांवर युरोपात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्राद्वारे थंड, प्राणवायुयुक्त द्रव फिरविलेल्या गटात नलिका आक्रसण्याचे प्रमाण ६ टक्के, तर केवळ बर्फात ठेवलेल्या गटात १८ टक्के होते.

तीव्र नकार, म्हणजे शरीराने नव्या यकृताला परके समजून त्यावर केलेला हल्ला, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येतो आणि स्टेरॉइडच्या जादा मात्रेने बहुतेकदा आटोक्यात येतो. आज त्याहून जड जाते ते औषधांचे दीर्घकालीन ओझे. अमेरिकेतील मोठ्या नोंदवहीवर आधारलेल्या २००३ मधील अभ्यासात पाच वर्षांत सुमारे १८ टक्के यकृतग्राहकांची मूत्रपिंडे गंभीररीत्या खराब झाल्याचे दिसले. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि काही कर्करोग यांचा धोकाही वाढतो.

मद्यपानामुळे यकृत गमावलेल्यांविषयी समाजाचे मत कठोर असते, आणि ज्या राज्यात काजूच्या हंगामात गावोगावी भट्ट्या पेटतात तेथे हा प्रश्न दूरचा नाही. सहा महिने दारू सोडल्याशिवाय प्रत्यारोपण नाही, हा दंडक अनेक वर्षे पाळला गेला. फ्रान्स व बेल्जियममधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले, की औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र मद्यजन्य यकृतदाहात निवडक रुग्णांवर लवकर प्रत्यारोपण केल्यास सहा महिन्यांनी ७७ टक्के रुग्ण जिवंत असतात, तर प्रत्यारोपण न झालेल्या तुलनीय रुग्णांपैकी केवळ २३ टक्के. प्रत्यारोपित २६ जणांपैकी तिघे पुढे पुन्हा प्यायले. या निष्कर्षांनंतर तो दंडक सरसकट लावणे न्याय्य ठरत नाही. कुटुंबाचा आधार आणि व्यसनोपचार यांचे मूल्यमापन अधिक उपयोगी पडते.

घरी परतल्यावर परिणाम बराचसा रोजच्या शिस्तीवर ठरतो. टॅक्रोलिमस बहुधा दर बारा तासांनी घ्यावे लागते आणि त्याची रक्तातील पातळी सकाळच्या गोळीपूर्वी मोजतात. गोळी घेऊन मग रक्त दिले तर आकडा फसवा येतो. पपनसामुळे ही पातळी वाढू शकते. काढ्यांपैकी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झाल्याची उदाहरणे कोविड साथीच्या काळात भारतीय डॉक्टरांनी नोंदविली असल्याने तीही टाळावी. गोमंतकीय रुग्णाला मासळी वर्ज्य नसते. कालवे व तिसऱ्या मात्र पूर्ण शिजवूनच खाव्यात, कारण अर्धकच्च्या शिंपल्यांतील जंतूंचा संसर्ग दबलेल्या प्रतिकारशक्तीत थेट रक्तात पसरतो. पावसाळ्यात ताप आल्यास तो अंगावर काढू नये. डेंग्यू, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस आणि नकार यांची सुरुवात सारखीच दिसू शकते व प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो.