स्टॅमिना प्रकरण (इटली)

स्टॅमिना प्रकरण म्हणजे इटलीत साधारण 2009 ते 2015 या काळात गाजलेला, सिद्ध न झालेल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) उपचाराचा वाद. एका बाजूला बरे न होणारे आजार असलेले पेशंट आणि त्यांचे आईवडील, दुसऱ्या बाजूला स्टेम सेलवर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ, आणि मध्ये कोर्ट, पार्लमेंट, टीव्ही, रस्त्यावरचे मोर्चे असं सगळं. असे वाद बऱ्याच देशांत झालेत, अजून होतायत, पण सरकारी हॉस्पिटल, मंत्री, न्यायाधीश सगळेच यात ओढले गेले असं इटलीइतकं क्वचितच कुठे झालं असेल, म्हणून हा विषय समजून घ्यायला हे प्रकरण नीट बघावं.

सुरुवात दावीदे वान्नोनी या माणसापासून. हा डॉक्टर नव्हता, उदिने युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकवायचा. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली म्हणून तो 2004 च्या सुमारास युक्रेनमध्ये जाऊन स्टेम सेलचा उपचार घेऊन आला, आपल्याला फरक पडला असं त्याला वाटलं, आणि मग तेच तंत्र त्याने इटलीतल्या तोरिनो (ट्युरिन) शहरात आणलं. पुढे स्टॅमिना फाउंडेशन नावाची संस्था काढली. पार्किन्सनपासून ते लहान मुलांच्या स्नायू आणि मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजारांपर्यंत सगळ्यावर एकच पद्धत. पेशंटकडून हजारो युरो घेतले गेले आणि तोरिनोचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी 2009 मध्येच चौकशी सुरू केली होती, म्हणजे पुढचं सगळं घडलं ते चौकशी चालू असताना, हे लक्षात ठेवायला हवं.

पद्धत सांगायला सोपी होती. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, त्यातल्या मेसेंकायमल नावाच्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, मग रेटिनॉइक अ‍ॅसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात थोडा वेळ ठेवायच्या, त्यातून त्या मज्जापेशी (मेंदू आणि मज्जातंतूंमधल्या पेशी, बोन मॅरोच्या नव्हेत) होतात असा दावा, आणि त्या शिरेतून आणि पाठीच्या कण्यातून पेशंटला टोचायच्या. अडचण अशी की या पेशी हाड, चरबी, कूर्चा बनवतात, त्यांच्यापासून खरीखुरी मज्जापेशी तयार होते हे कुणी दाखवलेलं नाही. रोममधले पाओलो बियांको याच पेशींवर वर्षानुवर्षं काम करणारे, ते हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसनंही 2012 मध्ये या पद्धतीच्या अर्जावर आक्षेप घेतले होते: माहिती अपुरी आहे, इतक्या कमी वेळात पेशी बदलणं शक्य वाटत नाही, आणि मज्जापेशीसारखं जे दिसतंय ते रसायनामुळे पेशींना इजा होऊन आलेलं रूप असावं. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जे लांब लांब धागे दिसतात ते नव्या जीवाचे नाहीत, मरणाऱ्या पेशी आक्रसल्या की मागे राहतात तसे.

तरी 2011 मध्ये ब्रेशिया शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलनं स्टॅमिनाबरोबर करार केला. इटलीत तेव्हा एक तरतूद होती, जिवावर बेतलेल्या पेशंटला दुसरा काहीच इलाज नसेल तर सिद्ध न झालेली पेशी-उपचारपद्धत एखाद्या वेळी वापरता यायची, त्याच दारातून हे आत आलं. इथे पेशंटकडून पैसे घेतले जात नव्हते, पण पेशी तयार करायचं काम स्टॅमिनाची माणसं करत होती आणि नेमकं काय करतात ते हॉस्पिटलच्याच डॉक्टरांना पूर्ण माहीत नव्हतं. मे 2012 मध्ये औषध नियंत्रण संस्था आयफाने तपासणीनंतर काम बंद पाडलं.

आणि इथून खरा वाद पेटला.

ज्यांच्या मुलांचे उपचार अर्ध्यावर थांबले ते आईवडील कोर्टात गेले, आणि एकामागून एक न्यायाधीशांनी त्या त्या मुलापुरते उपचार चालू ठेवायचे आदेश दिले, काहींनी नाही दिले, म्हणजे तुमचं मूल कुठल्या गावातल्या कोर्टासमोर आलं यावर त्याला इंजेक्शन मिळणार की नाही ते ठरायला लागलं. 2013 च्या सुरुवातीला टीव्हीवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाने एका चिमुकल्या मुलीची गोष्ट देशभर पोचवली, तिला मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी होती. या आजारात मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजत जातं, चालायला लागलेलं मूल वर्षभरात चालणं विसरतं, मग गिळणं, मग बघणं. अशा मुलाच्या आईने कॅमेऱ्यात बघून म्हटलं की इंजेक्शननंतर तिला उलट्या कमी झाल्या, ती शांत झोपली, तर त्यापुढे आकडेवारी घेऊन उभं राहणारा शास्त्रज्ञ निर्दयी दिसणारच.

पेशंटच्या बाजूचं म्हणणं खोटं ठरवून मोकळं होता येत नाही. ते म्हणत होते, मूल तसंही जाणार आहे हे तुम्हीच सांगताय, मग धोका कसला दाखवताय, ट्रायल (उपचाराची पेशंटवर रीतसर घेतलेली चाचणी) पूर्ण व्हायला दहा वर्षं लागतील आणि आमच्याकडे दहा महिने आहेत, फरक पडतोय हे आम्ही डोळ्यांनी बघतोय, रात्रंदिवस त्याच्याजवळ आम्ही असतो, तुम्ही नाही. व्हीलचेअरवरचे लोक रोममध्ये पार्लमेंटसमोर तंबू ठोकून बसले. यात अडाणी कुणी नव्हतं, शिकलेली, विचार करणारी माणसं होती आणि त्यांचा राग बऱ्याच अंशी खरा होता, कारण निदान झाल्यावर व्यवस्थेने त्यांना हातात फाइल देऊन घरी पाठवलं होतं, पुढे विचारायला कुणी नव्हतं.

पण टीकाकारांचं उत्तरही तितकंच खरं होतं आणि माझ्या मते जास्त वजनाचं. अशा आजारात चढउतार असतात, एखादा आठवडा बरा जातो, आणि तुलना करायला कुणीच नसेल तर तो आठवडा इंजेक्शनच्या नावावर जमा होतो. मिलानच्या एलेना कात्तानेओ, मोदेनाचे मिकेले दे लुका आणि बियांको या तिघांनी हे जाहीरपणे लावून धरलं आणि त्यासाठी बरीच शिवीगाळ सोसली. त्यांचा मुद्दा साधा होता: पद्धत लिहून द्या, आम्ही करून बघतो. ती धड लिहून मिळत नव्हती. औषध गुप्त ठेवायचं आणि दया मात्र जाहीर मागायची, या प्रकरणातली सगळ्यात मोठी लबाडी मला हीच वाटते, आईवडिलांची आशा नव्हे.

मार्च 2013 मध्ये आरोग्यमंत्री रेनातो बाल्दुत्झी यांच्या वटहुकुमाने आधीपासून उपचार सुरू असलेल्या 32 पेशंटना ते पूर्ण करायची परवानगी मिळाली. मे महिन्यात पार्लमेंटने ट्रायलसाठी 30 लाख युरो मंजूर केले. जुलैमध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने उघड केलं की पेटंट अर्जात मज्जापेशी तयार झाल्याचा पुरावा म्हणून जोडलेला सूक्ष्मदर्शकाचा फोटो 2003 च्या एका रशियन-युक्रेनियन पेपरमधलाच होता. ज्या एका चित्रावर सगळा डोलारा उभा होता तेच दुसऱ्याचं निघालं! पुढे तज्ज्ञांच्या समितीने ही पद्धत ट्रायल करण्यालायकसुद्धा नाही असं कळवलं, नव्या आरोग्यमंत्री बेआत्रिचे लोरेन्झिन यांनी ट्रायल थांबवली, डिसेंबरमध्ये कोर्टाने समितीच्या निष्पक्षतेवरच बोट ठेवलं, दुसरी समिती नेमली गेली आणि 2014 च्या शरद ऋतूत तीही तेच म्हणाली. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टानेही 2014 मध्ये एका वडिलांचा अर्ज फेटाळला.

मार्च 2015 मध्ये वान्नोनीने सरकारी पक्षाशी तडजोड करून 1 वर्ष 10 महिन्यांची शिक्षा मान्य केली, ती स्थगित होती. 2017 मध्ये त्याला परत अटक झाली, आरोप असा की आता तो पेशंट जॉर्जियात पाठवत होता. डिसेंबर 2019 मध्ये तो वारला.

"धोका कसला" या प्रश्नाचं उत्तर इतर देशांतून मिळतं. मॉस्कोत स्टेम सेल टोचून आणलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी झाल्या, आणि त्या दिलेल्या पेशींपासूनच झाल्या होत्या हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. फ्लोरिडात तीन वयस्कर बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या, प्रत्येकीने 5,000 डॉलर भरले होते, तिघींचीही दृष्टी जवळपास गेली.

आपल्याकडेही मुंबईसह अनेक शहरांत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी यांवर स्टेम सेलची जाहिरात होत आलीये आणि हीच दोन बाजूंची भांडणं पालकांच्या ग्रुपमध्ये चालतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं ट्रायलमध्येच व्हायला हवं, आणि ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने 2022 मध्ये ऑटिझमवर स्टेम सेलची शिफारस करत नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यामुळे कुणी लाखांचं पॅकेज सांगून वर ट्रायल म्हणत असेल तर तिथेच थांबून ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागावा.

पुन्हा इटली. 2013 च्याच जुलैमध्ये, म्हणजे तो फोटो उघडा पडला त्याच महिन्यात, मिलानच्या सान राफाएले इन्स्टिट्यूटमधल्या टीमने त्याच मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीवरच्या जीन थेरपीचे पहिले निकाल प्रसिद्ध केले. तिथेही मुलाच्याच रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेल घेतात, पण बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत त्यात घालून परत देतात, आणि प्रत्येक पायरी लिहिलेली, तपासलेली. युरोपने हा उपचार 2020 मध्ये मंजूर केला, अमेरिकेने 2024 मध्ये, तिथे तेव्हा किंमत 42.5 लाख डॉलर होती. तो मुख्यतः लक्षणं दिसायच्या आधी दिला तरच चालतो, त्यामुळे पार्लमेंटसमोर बसलेल्या कुटुंबांतल्या आजारी मुलांसाठी मिलानमध्येही काही नव्हतं. ट्रायलमधल्या पहिल्या मुलांचा आजार लक्षणांआधी कळला तो त्यांच्या थोरल्या भावंडाला आधी हाच आजार झाला होता म्हणून.